उचलीचा हिशेब आणि घरातली पवारणा



वर्षावास संपत आला. अशोक विजयादशमी झाली की पाच दिवसांनी आश्विन पौर्णिमा. याच सुमारास कंधार, मुखेड, लोहा, अहमदपूर, जळकोट या भागांतल्या वस्त्यांमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याची तयारी सुरू होते. आणि याच दिवसांत नवरा-बायकोची भांडणेही वाढतात. बहुतेक घरांत भांडणाचे मूळ एकच असते, ते म्हणजे उचल.

ऊसतोडीत 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो ऊस तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. पहाटेच्या अंधारात दोघांचे काम सुरू होते. तिला त्याआधी भाकरीही थापाव्या लागतात. उचल जोडीच्या नावाने मिळते. पण मुकादमाकडून ती घेतो नवरा, अंगठाही त्याचाच. किती घेतली, जुनी बाकी किती कापली, कुणाचे देणे दिले, याचा पत्ता बायकोला नसतो. फडावर गेल्यावर दुसऱ्याच बाईच्या तोंडून आकडा कळतो. मग ती विचारते, "मला कामून सांगितलं नाही?" तो म्हणतो, "तुला काय कळतंय त्यातलं?" इथून जी ठिणगी पडते ती मारहाणीपर्यंत जाते. पैसे कमी पडल्याचे दुःख ती गिळते. आपल्या कष्टावर कर्ज काढले आणि आपल्याला विचारलेही नाही, हे मात्र तिला गिळवत नाही.

याला दुसरी बाजूही आहे. बायको गटाचे कर्ज काढते, दवाखान्याला किंवा भावाच्या लग्नाला देते आणि नवऱ्यापासून लपवते. हप्ता थकला, गटाच्या बाया दारात आल्या की घरात वादळ उठते. नांदेडच्या नाक्यावर उभा राहणारा मजूर असो की लातूरच्या मार्केट यार्डातला हमाल, त्याच्या घरीही हेच. रोजाचे पैसे किती मिळाले हे तो सांगत नाही, किती उसने घेतले हे ती सांगत नाही.

तथागतांनी राजगृहाच्या वेळुवनात सिगाल नावाच्या तरुणाला गृहस्थाचा धर्म सांगितला. त्यात पतीची पाच कर्तव्ये आहेत: पत्नीचा सन्मान करणे, तिचा अपमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घराचा अधिकार तिच्या हाती देणे आणि तिला वस्त्र-अलंकार देणे. पत्नीच्या पाच कर्तव्यांत मिळवलेल्या धनाचे रक्षण करणे हे एक आहे. आता विचार करा, जो आकडाच तिला ठाऊक नाही, त्याचे रक्षण ती कशी करणार? घराचा अधिकार देणे म्हणजे नुसती डब्याची किल्ली देणे नव्हे. घरात काय आले, काय गेले, कुणाचे किती देणे आहे, हे सगळे तिच्यासमोर मांडणे हा त्याचा अर्थ आहे.

पण बोलायचे कसे? बोलायला बसले की भांडण होते, असे पुष्कळजण म्हणतात. त्यावर उपाय आपल्या धम्मातच आहे. वर्षावासाच्या शेवटी भिक्खू पवारणा करतात. तीन महिने एकत्र राहताना माझ्याकडून काही चूक तुम्ही पाहिली असेल, ऐकली असेल किंवा तशी शंका आली असेल, तर करुणेने मला सांगा, मी ती सुधारीन, अशी विनंती प्रत्येकजण संघाला करतो. श्रावस्तीच्या पूर्वारामात सुमारे पाचशे भिक्खूंसमोर खुद्द भगवंतांनी, माझ्या वागण्या-बोलण्यात काही दोष दिसतो काय, असे विचारले होते. बुद्धांना ज्यात कमीपणा वाटला नाही, त्यात नवरेपणाला कमीपणा का वाटावा?

चूक दाखवणाऱ्याने कोणती काळजी घ्यावी, हे सारिपुत्तांनी सांगितले आहे. योग्य वेळी बोलावे, खरे बोलावे, मृदू बोलावे, हिताचे बोलावे, मैत्रीच्या भावनेने बोलावे. आपल्या घरात हे असे लावून पाहा. माणूस ताटावर बसला असताना किंवा पिऊन आला असताना विषय काढू नये. लेकरांसमोर, सासूसमोर काढू नये. 'तुमचं हे नेहमीचंच' असे न म्हणता जे घडले तेवढेच सांगावे. एकमेकांच्या माय-बापाचा उद्धार करू नये. आणि एकजण बोलत असताना दुसऱ्याने मध्ये तोंड घालू नये.

हिशेबासाठी एक वही करा. सातवी-आठवीतली लेक ती लिहील. उचल किती, जुनी बाकी किती, हप्ता किती, खाडे किती, सगळे तिच्यात असू द्या. मुकादमाला सांगा की उचल दोघांसमोर मोजून द्यावी.

मनातली भीतीही सांगता आली पाहिजे. नकुलपिता नावाचे उपासक फार आजारी पडले. पत्नी नकुलमातेने ओळखले की हे काळजीने खंगत आहेत. ती म्हणाली, काळजी घेऊन मरू नका, मी सूत कातून लेकरे वाढवीन, घर सांभाळीन, शीलाने राहीन. ते बरे झाले आणि काठी टेकीत बुद्धांना भेटायला गेले. अशी हिताचा सल्ला देणारी पत्नी मिळाली हा तुझा लाभ आहे, असे बुद्ध त्यांना म्हणाले. 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनीही, पत्नीने पतीची दासी न होता बरोबरीची मैत्रीण व्हावे, हेच आपल्या भगिनींना सांगितले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. मारहाण हे भांडण नव्हे. मार खाणाऱ्या बहिणीला 'जरा समजून घे' असे सांगू नका. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध 2005 चा कायदा आहे. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. 181 या नंबरवर फोन करूनही मदत मागता येते. वस्तीतल्या महिला मंडळाने अशा बहिणीसोबत जावे.

या पौर्णिमेला विहारातून घरी आल्यावर, लेकरे झोपल्यावर, दोघांनी समोरासमोर बसावे. नवऱ्याने आधी विचारावे, "माझं काय चुकलं ते सांग." मग बायकोने विचारावे. वही उघडावी, उचलीचा आकडा मोठ्याने वाचावा. मोळी दोघांनी मिळून वाहायची आहे, तर तिचे वजनही दोघांना ठाऊक असलेले बरे.

नमो बुद्धाय! जय भीम!