विश्लेषण : सॉकेट तोच, तरीही नवा प्रोसेसर का चालत नाही?

विंडोज १० चा मोफत सुरक्षा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा, अथवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१५ ते २०१७ दरम्यान घेतलेले, अजून व्यवस्थित चालणारे अनेक डेस्कटॉप या निकषात बसत नाहीत. अशा वेळी ‘फक्त प्रोसेसर बदलून घेऊ’ हा विचार साहजिक आहे. काही संगणकांत तो जमतो, काहींत मात्र मदरबोर्डच आड येतो. असे का होते?

‘बस स्पीड’ म्हणजे काय?

मदरबोर्डवर प्रोसेसर, मेमरी आणि इतर भागांमध्ये माहितीची ने-आण करणाऱ्या मार्गाला बस म्हणतात. पेंटियम ते कोअर २ या काळात इंटेलच्या संगणकांत हा मुख्य मार्ग ‘फ्रंट साइड बस’ होता. प्रोसेसरचा वेग ठरे तो बसच्या मूळ ठोक्याला ठरावीक गुणकाने गुणून. उदाहरणार्थ, कोअर २ ड्युओ ई ८४०० या प्रोसेसरचा मूळ ठोका ३३३ मेगाहर्ट्झ आणि गुणक ९, म्हणून वेग ३ गिगाहर्ट्झ. एका ठोक्यात चार वेळा माहिती जात असल्याने हीच बस १३३३ मेगाहर्ट्झची म्हणून विकली जाई.

हा प्रोसेसर १०६६ पर्यंतच्याच बससाठी बनवलेल्या मदरबोर्डवर बसवला, तर दोन शक्यता असत. संगणक सुरूच होत नसे, किंवा झालाच तर २६६ च्या ठोक्यावर, म्हणजे सुमारे २.४ गिगाहर्ट्झने चाले. पैसे ३ गिगाहर्ट्झचे मोजायचे आणि काम मात्र २.४ चे! एलजीए ७७५ हा सॉकेट २००४ मध्ये आला आणि पेंटियम ४ पासून कोअर २ क्वाडपर्यंत टिकला. पण ८०० च्या बसवर थांबणाऱ्या सुरुवातीच्या मदरबोर्डांना नंतरचे प्रोसेसर पेलत नसत. खाचा जुळल्या म्हणजे जोडी जुळली असे नव्हते.

मग आज बस स्पीड का विचारत नाहीत?

कारण ती बसच राहिली नाही. एएमडीने २००३ मध्ये अॅथलॉन ६४ आणताना मेमरीचे नियंत्रण थेट प्रोसेसरमध्ये घेतले. इंटेलने २००८ मध्ये पहिल्या कोअर आय ७ पासून तोच मार्ग धरला. आता मेमरी आणि ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरशी थेट जोडलेले असतात आणि मूळ ठोका बहुतेक ठिकाणी १०० मेगाहर्ट्झ असतो. त्यामुळे बसचा आकडा जुळवण्याची कटकट संपली.

परावलंबन मात्र संपले नाही. प्रोसेसरला आता मदरबोर्डकडून चार गोष्टी लागतात: योग्य सॉकेट, त्याला ओळखणारा चिपसेट, त्याची माहिती असलेला बायोस आणि पुरेशी वीज देणारी यंत्रणा. शिवाय मेमरीचा प्रकारही जुळावा लागतो. यातली एक गोष्ट चुकली तरी पडदा काळाच राहतो.

एलजीए ११५१ चा पेच काय आहे?

विंडोज ११ च्या अटीमुळे सर्वांत जास्त कोंडी झाली ती याच सॉकेटवर. इंटेलने ऑगस्ट २०१५ मध्ये सहाव्या पिढीसोबत एलजीए ११५१ आणला. सातवी पिढीही त्याच मदरबोर्डांवर चालली. ऑक्टोबर २०१७ मध्ये आठवी पिढी आली, तिच्याही सॉकेटचे नाव एलजीए ११५१ होते आणि पिनांची संख्याही तीच. तरीही १०० आणि २०० मालिकेच्या चिपसेटवर तिला अधिकृत पाठिंबा मिळाला नाही. ३०० मालिकेचा नवा मदरबोर्ड घ्यावा लागला.

इंटेलचे कारण विजेचे होते. आठव्या पिढीत आय ५ आणि आय ७ चे गाभे चारवरून सहा झाले, त्यासाठी काही पिनांचे काम बदलण्यात आले. मात्र काही हौशी जाणकारांनी बायोसमध्ये फेरफार करून जुन्या मदरबोर्डांवरही हे प्रोसेसर चालवून दाखवले. त्यामुळे ही अडचण सगळी तांत्रिक होती की थोडी व्यापारीही, हा वाद तेव्हापासून सुरू आहे.

२०१७ मध्ये हा वाद हौशी मंडळींपुरता होता. आज तो घरोघरी पोहोचला आहे. विंडोज ११ ची रेषा नेमकी सातव्या आणि आठव्या पिढीच्या मध्ये आहे, आणि मदरबोर्डची रेषाही तिथेच. सातव्या पिढीच्या संगणकाला चालेल असा कोणताही नेहमीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. एक चिप बदलून भागणारे काम त्यामुळे मदरबोर्डासह दोन भागांवर जाते.

एएमडीकडे चित्र वेगळे का?

एएमडीने एएम ४ हा सॉकेट अनेक वर्षे टिकवला. २०१७ च्या पहिल्या रायझनपासून रायझन ५००० मालिकेपर्यंत तोच सॉकेट राहिला. पण हेही सहज घडले नाही. पुढची पिढी फक्त ५०० मालिकेच्या चिपसेटवर चालेल, असे कंपनीने मे २०२० मध्ये सांगितले. जुन्या मदरबोर्डांच्या बायोस चिपमध्ये इतक्या प्रोसेसरांची माहिती मावत नाही, असे कारण दिले गेले. ग्राहकांनी जोरदार नाराजी व्यक्त केल्यावर त्याच महिन्यात बी ४५० आणि एक्स ४७० ला सवलत मिळाली. २०२२ मध्ये ३०० मालिकेसाठीही दार उघडले.

परिणामी पहिल्या पिढीचा रायझन असलेला, २०१७ चा बी ३५० मदरबोर्ड असलेला संगणक बायोस अद्ययावत करून रायझन ५००० घेऊ शकतो आणि विंडोज ११ च्या यादीत जातो. अर्थात, त्या मॉडेलसाठी उत्पादकाने तसा बायोस दिलेला असला पाहिजे.

मेमरीच्या दरवाढीचा काय संबंध?

इंटेलचा एलजीए १८५१ आणि एएमडीचा एएम ५ हे नवे सॉकेट फक्त डीडीआर ५ मेमरी घेतात. जुन्या संगणकातली डीडीआर ४ त्यांत बसतच नाही, खाचेची जागाच वेगळी असते. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे दर झपाट्याने वाढले, कारण उत्पादकांची क्षमता एआयसाठीच्या डेटा सेंटरांकडे वळली. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल या ब्रँडखालील किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले.

त्यामुळे जुनी डीडीआर ४ वाचवणे हा बचतीचा मोठा मार्ग ठरतो. एएम ४ वर ती चालते. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे, म्हणजे बाराव्या ते चौदाव्या पिढीचे मदरबोर्ड डीडीआर ४ आणि डीडीआर ५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. खरेदी करताना नाव सारखे दिसले तरी प्रकार पाहावा लागतो.

खरेदीआधी काय तपासावे?

मदरबोर्डचे मॉडेल आणि त्याची आवृत्ती आधी शोधावी, ती बोर्डवर छापलेली असते. मग उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची प्रोसेसर यादी पाहावी. प्रोसेसरसमोर किमान बायोस आवृत्ती दिलेली असते. जुना प्रोसेसर काढण्याआधीच बायोस अद्ययावत करावा, कारण जुन्या बायोसवर नवा प्रोसेसर सुरूच होणार नाही. काही मदरबोर्डांवर प्रोसेसरशिवायही पेनड्राइव्हवरून हे काम होते. काही ठिकाणी नवा बायोस जुन्या प्रोसेसरांचा पाठिंबा काढून घेतो, हेही वाचून घ्यावे. तयार ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये यादी फारच तोकडी असू शकते.

यादीत योग्य प्रोसेसर नसेल तर घाई करण्याची गरज नाही. घरगुती ग्राहकांना विंडोज १० ची वाढीव सुरक्षा योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत उपलब्ध आहे, आणि इंटरनेट, कागदपत्रे, अभ्यास एवढ्याच कामांसाठी लिनक्स हाही पर्याय आहे. दुकानात ‘सॉकेट तोच आहे, बसेल’ असे सांगितले गेले तर एकच प्रश्न विचारावा: या मदरबोर्डच्या यादीत हा प्रोसेसर आहे का? उत्तर यादीत दाखवता आले, तरच पैसे द्यावेत.