एक कृष्णा, दोन गेटं

१९६० पर्यंत सांगली जिल्ह्याला दक्षिण सातारा म्हणत. कृष्णा आजही एकच आहे, पण साताऱ्याच्या होस्टेलचं आयकार्ड सांगलीच्या गेटवर चालत नाही! विंडोजचे डोमेन असेच. १९८८ साली आलेल्या एएस/४०० घराण्यातल्या आयबीएम सर्व्हरवरून विंडोजचं शेअर्ड फोल्डर उघडताना क्यूएनटीसी आपल्याच युजरचं नाव-पासवर्ड पुढे करते. पलीकडच्या डोमेनला तेच नाव आणि तोच पासवर्ड ओळखीचा नसेल, तर दार बंद. मग वैतागून काहीजण गेस्ट अकाउंट सुरू करून 'एव्हरीवन'ला सगळे हक्क देऊन टाकतात. किल्ली सापडत नाही म्हणून गेटच काढून टाकायचं का? त्यापेक्षा त्या कामापुरता वेगळा युजर दोन्हीकडे काढा, लागेल त्याच फोल्डरचे हक्क द्या. पासवर्ड बदलला तर दोन्हीकडे बदला. थोडा वेळ जाईल, पण रात्री झोप लागेल!