खुजा शाहीर

कल्पित साहसांचा एक खेळ अलीकडे विद्यार्थिवर्गांत कोठें कोठें आवडूं लागला आहे. त्याचें नांव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नसन या अमेरिकन गृहस्थांनीं रचलेला हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. यांत प्रत्येक खेळाडू एक पात्र निर्माण करितो व त्याच्या वतीनें बोलतो. शक्ति, चपलता, काटकपणा, बुद्धि, विवेक व प्रभाव असे पात्राचे सहा गुण असून त्यांचे अंक बहुधा फांशांनीं ठरतात.

पात्र निवडतांना पुष्कळ खेळाडू आधीं अंक पाहतात. डोंगराच्या पोटांत खाणी खणणारा खुजा काटक, म्हणून त्यानें कुऱ्हाड घ्यावी; गाण्याच्या बळावर जादू करणारा शाहीर मात्र दुसऱ्या कोणी व्हावें, असा त्यांचा हिशेब. पूर्वी नियमहि तसेच होते. १९७८ च्या नियमग्रंथाप्रमाणें मनुष्य व अर्ध-एल्फ यांवांचून कोणासहि शाहीर होतां येत नसे. २००० च्या आवृत्तीनें ही बंदी सर्वस्वी उठविली. तरी खुज्याच्या प्रभावांतून दोन अंक वजा होत, आणि शाहिराचा सारा भरंवसा त्याच गुणावर! २००८ च्या आवृत्तींत ती वजाबाकीहि गेली.

आमच्या मतें खुजा शाहीर हें पात्र अवश्य निवडावें. आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसननें तेराव्या शतकांत लिहिलेल्या 'एड्डा'मध्यें, जें प्याल्यानें मनुष्य कवि होतो तें मद्य फ्यालार व गालार या दोन खुज्यांनींच केलें. टोल्किनच्या 'द हॉबिट' (१९३७) मधील खुजेहि वाद्यें घेऊन येतात व गातात. खुज्यास गाणें शोभत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं अंक वाचले आहेत, कथा वाचलेल्या नाहींत.

पात्र रचतांना प्रथम विचारावें, हा कोणासाठीं गातो? समजा, खाणींत दरड कोसळून गेलेल्या आप्तांचीं नांवें विसरलीं जाऊं नयेत म्हणून तो गातो. आवाज घोगरा, ताल हातोड्याचा. असें कारण सांपडलें कीं अंक थोडे असले तरी पात्र जिवंत होतें. दुबळें पात्र सोबत्यांस भार होईल, असें कोणी म्हणेल. परंतु सोबत्यांस धीर देणें हेंच शाहिराचें मुख्य काम. आजच्या नियमांत त्याच्या प्रेरणेचा फांसा सोबत्याच्या उपयोगीं पडतो.

पालकांसहि आमची एक विनंति आहे. गुणपत्रिका पाहून आपण मुलांविषयीं असाच हिशेब मांडतों. घोगऱ्या आवाजाचा मुलगा प्रार्थनागीताच्या वेळीं मागें बसविला जातो, आणि पुढें जन्मभर गात नाहीं. अभ्यास सांभाळून मुलें हा खेळ खेळत असल्यास त्यांस खेळूं द्यावें. ज्या गोष्टीस आपण अपात्र ठरलों तीच आवडीनें करून पाहण्याचें धैर्य या खेळांत येतें. तें वर्गांतहि यावें, इतकीच आमची इच्छा.