नवाचं माहात्म्य आणि बाराचा हिशेब

गाडीच्या नंबराची बेरीज नऊ यावी म्हणून माणसं जादा पैसे मोजतात आणि वर आपल्यालाच ऐकवतात, 'नऊ हा पूर्ण अंक, हे गणितानंच सिद्ध केलंय!' श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण गणिताला साक्षीला बोलावलंत की उलटतपासणी होणारच.

पुरावा ठरलेला: नवाचा पाढा. अठरा, सत्तावीस, छत्तीस... अंकांची बेरीज नऊच. खरं आहे. पण का? आपण दहाच्या गठ्ठ्यांनी मोजतो आणि नऊ हा दहाहून एकानं कमी, म्हणून. दहाला नवानं भागलं की एक उरतो, शंभराला भागलं तरी एकच. तेव्हा अंकांची बेरीज म्हणजे नुसती बाकीची बेरीज. दैवी काही नाही, गठ्ठ्याचा आकार आहे.

आता बाराचे गठ्ठे बांधा. ही काही परग्रहावरची रीत नव्हे. केळी डझनानं घेतोच, बारा डझनांचा ग्रोस होतो, १९५७ पर्यंत भारतात आण्याच्या पै बाराच होत्या. अंगठ्यानं चार बोटांची पेरं मोजा, बाराच भरतात. दहा आणि अकराला एकेक नवं चिन्ह दिलं की झालं. मग '१०' म्हणजे डझन, '१००' म्हणजे ग्रोस. या पद्धतीत नवाचा पाढा असा लिहाल: ९, १६, २३, ३०, ३९, ४६. बेरजा? नऊ, सात, पाच, तीन, बारा, दहा. चमत्कार कुठे गेला? तो अकराकडे गेला, कारण बाराहून एकानं कमी आता तो आहे.

समजा कुणी हौसेनं ५४०९ हा नंबर घेतला. बेरीज अठरा, म्हणजे नऊ. हाच आकडा बाराच्या हिशेबात ३१६९ होतो. बेरीज एकोणीस, म्हणजे एक डझन आणि सात. एक अधिक सात, आठ. आठ! अंकज्योतिषात शनीचा. गाडी तीच, संख्या तीच, पैसेही गेलेले तेवढेच.

संख्येचा स्वभाव वेगळा आणि अंगरखा वेगळा. ५४०९ कशीही लिहा, ती ९ गुणिले ६०१ आहे आणि ६०१ मूळसंख्याच राहणार. हा स्वभाव. अंकांची बेरीज, उलटसुलट सारखे दिसणारे आकडे, हा सगळा अंगरखा.

म्हणून मी बाराचा प्रचारक झालो असं समजू नका. अमेरिकेत १९४४ पासून द्वादशमानाचा पुरस्कार करणारी संस्था आहे. त्यांचा उत्साह त्यांना लखलाभ. सोयी मात्र आहेत. शेवटचा अंक पाहिला की दोन, तीन, चार, सहा यांनी भाग जातो की नाही ते कळतं. आपले पाव आणि पाऊण दशमानात दोन घरं अडवतात, इथे पाव म्हणजे .३, पाऊण .९. तिसरा हिस्सा .४, संपला विषय. वर्गसंख्येच्या शेवटी ०, १, ४ किंवा ९ च येतो. पण पाचवा हिस्सा लिहायला बसाल तर .२४९७२४९७... आणि जन्म संपेल.

राहता राहिली जपमाळेची १०८. बाराच्या हिशेबात ती '९०' दिसते. तरी कशीही लिहा, तिचे विभाजक बारा आहेत: १, २, ३, ४, ६, ९, १२, १८, २७, ३६, ५४ आणि १०८. हे मोजायला ज्योतिषी लागत नाही.