अजून ऐकू न आलेला आवाज
"टीचर, तारे नव्हते तेव्हाही कृष्णविवरं होती का? अम्मी म्हणते, असलं विचारू नये." मावळातल्या माझ्या वर्गातली एक मुलगी हळूच म्हणाली.

असू शकतील, असं हॉकिंग यांनी १९७१ मध्ये मांडलं. ती असतील, तर त्यांच्या ओढीनं वायू लवकर गोळा झाला असेल, तापलाही असेल. याची खूण तेव्हाच्या हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर रेडिओलहरीत शोधतात. विश्व प्रसरण पावताना ती लहर ताणून काही मीटरची झाली. आपल्याच जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी तिचा शोध घेतला. लहर सापडली नाही. पण ती किती क्षीण असावी, याची मर्यादा कळली.

भगिनींनो, मुलीला गप्प करू नका. "मलाही ठाऊक नाही, चल शोधू," एवढं म्हणा.