कर्ण आपल्याला इतका का आवडतो?

मागच्या महिन्यात आमच्या भिशीत विषय निघाला, महाभारतातलं सगळ्यांत आवडतं कोण? अकरा जणी होतो. नऊ जणींनी एकच नाव घेतलं, कर्ण! एकीनं कृष्ण म्हटलं, एकीनं भीम. अर्जुनाला एकही मत नाही. एवढा धनुर्धर, पण आमच्या भिशीत बिचाऱ्याची अनामत जप्त!

मीही त्या नऊ जणींतलीच. शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ आलं १९६७ साली. आईची शिवण सुटलेली प्रत मी कॉलेजात असताना वाचली आणि उशी भिजवली. तुमच्यापैकीही कितीजणींनी भिजवली असेल!

पण का हो? पराक्रम तर अर्जुनाचाही आहे. मला वाटतं, आपण कर्णावर जीव टाकतो तो रंगभूमीवरच्या त्या प्रसंगापासून. कुळ कोणतं म्हणून भर सभेत विचारलं, तेव्हा त्याची मान खाली गेली. दुर्योधनानं अंगदेशाचं राज्य दिलं, अभिषेक झाला. एवढ्यात काठी टेकत, घामेजलेला, उपरणं घसरलेलं अशा अवस्थेत म्हातारा अधिरथ आला. अभिषेकाच्या पाण्यानं ओलं असलेलं मस्तक कर्णानं सगळ्यांदेखत त्या सारथ्याच्या पायांवर ठेवलं. भीम हसला. कर्ण मात्र बापाला लाजला नाही. पुढे कृष्णानं जन्माचं रहस्य सांगून राज्याचं आमिष दाखवलं, तेव्हाही तो म्हणतो, राधेला मला पाहून पान्हा फुटला, तिनं माझं शी-शू काढलं, तिला मी कसा सोडू? बाळाचे लंगोट धुतलेल्या बाईला आणखी काय हवं?

शिवाय ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण स्वतःच बोलतो. ज्याच्या मनातलं आपण ऐकतो, तो आपला होतो. घरातही तसंच असतं म्हणा.

हे सगळं मी आठवीच्या वर्गात रंगवून सांगितलं. (आठवड्यातून तीन दिवस मी शाळेत मराठी शिकवते.) तर मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, मग तो द्रौपदीला वाईट का बोलला?”

घंटा झाली म्हणून वाचले. कारण खरंच, द्यूतसभेत द्रौपदीची बाजू घेऊन उभा राहिला तो विकर्ण, कौरवांचाच भाऊ. त्याला गप्प कुणी केलं? कर्णानं. द्रौपदीला वेश्या म्हणाला, तिची वस्त्रं काढून घ्या म्हणाला, तोही कर्णच. आणि विकर्ण कुणाला आवडतो? आवडायला आधी नाव तरी आठवायला हवं ना!

इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ही १९६७ मध्येच आलं. त्यांनी कर्णाला असं पदराखाली घेतलेलं नाही. त्या रात्री ते पुस्तक पुन्हा काढलं. मूळ महाभारतात कर्णाला पश्चात्तापही होतो. दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून कठोर बोललो, असं तो कृष्णाजवळ कबूल करतो. पण तिथेही म्हणतो, पांडवांना बोललो. द्रौपदीचं नाव नाही.

‘दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून’ हे वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर एक वेगळीच पंगत आली. दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या साहेबांकडे जेवायला गेलो होतो. साहेबांनी सगळ्यांदेखत बायकोच्या इंग्रजीची नक्कल केली. सगळे हसले. त्यांत ह्यांचंही हसणं होतं, मोठ्यानं. आमचे हे स्वभावानं कर्णासारखेच. सासूबाईंच्या आजारपणात रात्र रात्र जागलेले, मागेल त्याला पैसे देणारे. म्हणूनच मी तेव्हा काही बोलले नाही. माणूस चांगला आहे ना, मग सोडून द्यायचं.

कर्ण मला आवडायचा थांबला का? नाही. परवाच पुन्हा रथाचं चाक रुतलं आणि मी पुन्हा रडले. पण ती सभा आता गाळून वाचता येत नाही.

ह्यांना रात्री जेवताना मुलीचा प्रश्न सांगितला, विकर्णाचंही सांगितलं. साहेबांचा विषय मी काढला नाही. बराच वेळ हे ताटात भात कालवत राहिले. मग म्हणाले, “त्या वहिनी तेव्हा वाढत होत्या, नाही का गं?”