तुलीची केळी, पनामा मर आणि रोग कळवणारा शेतकरी

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात तुली नावाचे छोटे गाव आहे. वर्षाला साधारण 4,000 मिलिमीटर पाऊस, शिवारात ऊस आणि केळी. तिथला मुख्य वाण कॅव्हेंडिश गटातला, म्हणजे आपल्या ग्रँड नैनचा भाऊबंद. मार्च 2015 मध्ये तुली खोऱ्यातील एका बागेत पनामा मर रोगाची ट्रॉपिकल रेस 4 (टीआर 4) ही घातक जात आढळली.

सीएमव्हीची झाडे उपटून पुढच्या हंगामात नवी लागवड करता येते. इथे तसे नाही. ही बुरशी जमिनीत काही दशके टिकते आणि तिच्यावर औषध नाही; आळवणीने मर बरी होते असे कोणी सांगितले तर पैसे घालवू नका. ती माती, वाहते पाणी, मुनवे, अवजारे आणि बुटांच्या चिखलातून पसरते.

तुलीत खरा प्रश्न पैशाचा होता. पहिल्या बाधित शेताचे मालक बुडाले असते, तर दुसऱ्या कोणी रोग कळवला असता का? 2016 मध्ये केळी उत्पादकांच्या संघटनेने ते शेत सुमारे 45 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला विकत घेतले आणि तिथली केळी बंद केली. इतरांनी कुंपणे घातली, बाहेरच्या गाड्या फाटकाबाहेर थांबवल्या, आत येणाऱ्यांचे बूट बदलले. तरीही 2017 मध्ये दुसऱ्या शेतावर रोग आलाच, पुढे आणखी काही ठिकाणी. मात्र तुलीतली केळी संपली नाही.

भारतात टीआर 4 ची नोंद बिहार आणि उत्तर प्रदेशात ग्रँड नैनवरच झाली आहे. रावेर-यावलपर्यंत रोपे, मजूर आणि ट्रक सगळीकडून येतात. आपल्याकडे संशयित झाड गुपचूप उपटून बांधावर किंवा नाल्यात टाकले जाते. शेताला नाव पडेल, व्यापारी फिरकणार नाही, ही भीती खोटी नाही. पण कळवणाऱ्याला भरपाई नसेल, तर नुसत्या जनजागृतीने काही होणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी ही मागणी वरपर्यंत न्यावी.

खालची पाने कडेने पिवळी पडून देठाशी मोडून लोंबत असतील, बुंधा चिरला असेल आणि आडव्या कापात तपकिरी-लालसर ठिपके दिसत असतील, तर झाड हलवू नका. त्या भागातले पाणी आणि मशागत थांबवा, कोयता व बूट आधी घासून धुवा, मगच निर्जंतुक करा. चिखल असेल तर जंतुनाशक काम करत नाही. नमुना स्वतः घेऊन फिरू नका, कृषी विज्ञान केंद्राला बागेत बोलवा.